खंदकाच्या किल्ल्यांना सिमेंट भरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परंडा, औसा किंवा कंधार इथल्या भुईकोटाच्या तटावर दसऱ्याच्या सुमाराला चढून पाहिले, की काळ्या रानात दगडाचे बेट उभे असल्यासारखे वाटते. भोवती खंदक, खंदकात पाणी आणि त्यातून सरळ वर आलेला तट. नळदुर्गला खंदकाचे बरेचसे काम बोरी नदीनेच केले आहे. पाणी हे या किल्ल्यांचे संरक्षण होते. आज तेच पाणी तट पाडते आहे, कारण त्याच्या जाण्याच्या वाटा बुजल्या आहेत. जिथे दुरुस्ती होते तिथे सांध्यांत सिमेंट भरून उरलीसुरली वाटही बंद केली जाते. दिवाळीनंतर कामांचा हंगाम सुरू होतो आणि त्याची अंदाजपत्रके आधीच तयार होतात. त्यात काय असावे आणि काय असू नये, हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी तटाची घडण समजून घ्यायला हवी. बाहेरून दिसते ती घडीव काळ्या दगडाची भिंत म्हणजे पूर्ण तट नव्हे. तशीच एक भिंत आतल्या बाजूला असते आणि दोन्हींच्या मध्ये दगडगोटे, चुना, माती यांचा भराव असतो. दोन्ही भिंतींना भरावाशी बांधून ठेवायला अधूनमधून लांब दगड आत शिरवलेले असतात. हे जोडदगड जिथे कमी किंवा तुटलेले, तिथे बाहेरचा थर सुटा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आपल्या घरांच्या जाड दगडी भिंती कशा फाकल्या हे लातूर-धाराशिवच्या माणसाला वेगळे सांगायला नको. बाहेरचा थर एकीकडे, आतला दुसरीकडे आणि मधली माती खाली. किल्ल्याच्या तटात हेच घडते, फक्त भूकंपाच्या काही क्षणांऐवजी त्याला पंधरा-वीस पावसाळे लागतात.

भरावात पाणी शिरते ते मुख्यतः वरून, फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या चालण्याच्या वाटेवरून. ते पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यांतून पाझरून बाहेर येई आणि वाळून जाई. काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणजे तटाला श्वास घ्यायला सांधे तेवढेच. त्यांत सिमेंट बसले की पाणी आत अडकते. भरावातला जुना चुना हळूहळू धुपतो, माती भिजून फुगते, उन्हाळ्यात आकसते, पुन्हा फुगते. मग तटाला पोट येते, म्हणजे तो बाहेर फुगतो. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर फिरतात आणि शेजारच्या जुन्या चुन्यावर पांढरा खार फुटून तो भुसभुशीत होतो. बाहेरून मात्र दरजा, म्हणजे भरलेले सांधे, करकरीत दिसतात. म्हणून असा तट ऑगस्टमध्ये अचानक कोसळला की लोक म्हणतात, ‘आत्ताच तर दुरुस्ती झाली होती!’ सिमेंटची आणखी एक अडचण अशी, की ते काढता येत नाही. छिन्नी लावली की दगडाची कड सोबत घेऊनच निघते.

‘पाण्यातल्या बांधकामाला चुना कसा टिकेल?’ हा प्रश्न हमखास येतो. नळदुर्गचा पाणीमहाल १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बोरीवर बंधारा, बंधाऱ्याच्या पोटात महाल आणि नदी भरली की नर-मादी धबधब्यांचे पाणी त्याच्या अंगावरून पडते. पोर्टलँड सिमेंटचे पेटंटच १८२४ चे आहे. पाण्यात धरणारा चुना करायची विद्या त्याच्या दोनशे वर्षे आधी या नदीत वापरात होती आणि तिला लागणारा मालही इथलाच आहे.

आता कामाच्या क्रमाकडे येऊ. तो वरून खाली असा असतो. खालच्या दरजा आधी भरून वरची फांजी तशीच सोडणे म्हणजे गळक्या छपराखाली भिंत रंगवणे. फांजीवर वर्षानुवर्षे साचलेली माती आणि गवत हाताने काढायचे; कुदळ जपून, कारण खाली जुना कोबा (चुना आणि विटांच्या तुकड्यांचा ठोकलेला थर) शाबूत असू शकतो. तटातल्या दगडी पन्हाळी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारे पाट, शोधून मोकळ्या करायच्या. त्या बहुतेक वेळा मातीखाली असतातच, फक्त दिसत नाहीत. मग चुन्याचा कोबा. विटांच्या तुकड्यांचे अडीच भाग, चुना आणि सुरखी (विटांची पूड) यांच्या मालाचा एक भाग, जाडी चार इंच, पन्हाळीच्या दिशेने दर पाच फुटांना एक इंच उतार. तो लाकडी थाप्यांनी ठोकत राहायचा, थाप्याचा ठसा उमटेनासा होईपर्यंत. ठोकणीत काटकसर केली की कोबा पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. चर्यांच्या, म्हणजे तटावरच्या दातेरी कठड्याच्या, माथ्यावरही चुन्याचा उताराचा थर द्यावा. तिथूनही बरेच पाणी आत जाते आणि तिकडे कुणी पाहत नाही.

दुसरे काम मुळांचे. पिंपळ, वड आणि उंबर या तिघांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यात पडते आणि चिमूटभर मातीवर रुजते. श्रमदानाच्या मोहिमांत मोठ्या उत्साहाने कोयत्याने खोड छाटले जाते आणि फोटोत तट स्वच्छ दिसतो. छाटलेल्या पिंपळाला पुढच्या पावसात एकाच्या जागी पाच फुटवे येतात आणि मूळ आत जाड होत जाते. दरवर्षी छाटलेल्या झाडाचे मूळ मनगटाहून मोठे झालेले आणि त्याने दोन मणांचा दगड चार बोटे पुढे ढकललेला असा देखावा कुठल्याही भुईकोटात दिसेल.

करंगळीहून बारीक रोप असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, सांधे ओले असताना, मुळासकट हळू उपटावे. तेवढ्याने काम होते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. दरवर्षी हे एकच काम नेमाने झाले तर निम्मे तट वाचतील. त्याहून मोठे झाड ओढायचे नाही, दोर बांधून ट्रॅक्टरने तर मुळीच नाही. मुळासोबत दहा-बारा दगड येतात. खोड तटालगत करवतीने कापायचे. कापाच्या कडेकडेने, सालीच्या आतल्या अंगाला, गिरमिटाने खाली उतरती भोके पाडायची आणि पाच मिनिटांच्या आत त्यांत तणनाशक भरायचे. उशीर झाला की झाड चीक सोडून काप बंद करते आणि औषध वरच राहते. हे औषध परवानाधारक माणसाकडूनच लावून घ्यावे आणि थेंबाथेंबाने भरावे. तटावर फवारले तर ते खंदकात उतरते आणि मासे मरतात. ॲसिड, मीठ, डिझेल यांतले काहीही ओतू नये. बुंधा पेटवून देणे हा सगळ्यांत वाईट उपाय. तापलेल्या काळ्या दगडाच्या ढलप्या उडतात आणि भोवतीचा चुना मरतो.

झाड मेले म्हणजे काम संपले असेही समजू नये. वाळलेले मूळ आत कुजते आणि त्याच्या जागी पोकळ नळी तयार होते. ती पाणी थेट भरावात नेते. म्हणून मूळ वाळल्यावर त्याच्या भोवतालचे दगड खडूने क्रमांक घालून, फोटो काढून, जपून उतरवावेत, मूळ काढावे आणि दगड त्याच क्रमाने चुन्यात परत बसवावेत. ऑइल पेंटने क्रमांक घालू नयेत, ते कायमचे राहतात. बसवताना दर चार-पाच फुटांवर एक लांब जोडदगड भरावात शिरेल असे पाहावे. किल्लारीनंतर गावोगावी गवंड्यांना हेच शिकवले गेले होते.

आता चुना. इथे घाई केली की बाकीचे सगळे वाया जाते, म्हणून थोडे बारकाईने.

काळ्या मातीच्या थराखाली आणि ओढ्यांच्या काठांना जे चुनखडीचे खडे सापडतात, त्यांत मुळातच थोडी चिकणमाती असते. ते भाजून केलेला चुना ओलाव्यातही धरतो. आता असा चुना भाजणाऱ्या भट्ट्या कमी राहिल्या, म्हणून बाहेरून पांढरी चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) आणावी लागते आणि पाण्यात धरण्याचा गुण सुरखीतून द्यावा लागतो. दुकानातला भुकटीचा चुना शक्यतो नको. पोत्यात राहून त्याने हवा खाल्लेली असते. संडास धुण्याचे ॲसिड पातळ करून चिमूटभर भुकटीवर दोन थेंब टाका. जोरात फसफसले तर तो चुना पुन्हा दगड झालेला आहे, त्यात धरण्याची ताकद उरलेली नाही.

चुनकळी विरवायची ती विटांच्या टाकीत किंवा लोखंडी पिंपात. प्लॅस्टिकचे पिंप वितळते. आधी पाणी, मग त्यात कळी, थोडी थोडी. एका घमेल्याला पाणी निदान तीन घमेली. ते उकळ्या फुटून उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नये. निवाल्यावर बारीक जाळीतून गाळायचे आणि वर चार बोटे पाणी राहील असे झाकून ठेवायचे. कमीत कमी एक महिना, जितके जास्त तितके चांगले. न विरलेला कण मालात गेला तर तो भिंतीत बसल्यावर पाणी ओढून फुलतो आणि दरज बाहेर ढकलतो. मुरलेला चुना चिमटीत घेतला तर लोण्यासारखा लागतो, एकही खडा बोटाला लागत नाही.

सुरखी कच्चट भाजलेल्या विटांची हवी. भट्टीत जळून काळपट, काचेसारखी झालेली वीट कितीही बारीक दळली तरी चुन्याशी धरत नाही. ठेकेदार नेमके तेच तुकडे दळतात, कारण ते फुकट मिळतात. वाळू धुतलेली असावी. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर चिमूटभर मिठाचे पाणी, हलवून तीन तास ठेवायची. वर बसलेला मातीचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू पुन्हा धुवावी.

प्रमाण कागदावरून ठरवू नये, जुन्या मालावरून ठरवावे. तटाच्या आतल्या भागातला मूठभर जुना माल घेऊन वजन करावे आणि पातळ ॲसिडमध्ये टाकावा. चुना विरघळतो, वाळू आणि विटेचे कण खाली राहतात. ते धुऊन, वाळवून पुन्हा वजन केले की त्या कारागिरांनी काय वापरले याचा बराच अंदाज येतो. सर्वसाधारणपणे दरजांसाठी एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी आणि एक ते दीड भाग वाळू हे प्रमाण चालते. माल चुन्याच्या घाणीत मळावा. जुन्या किल्ल्यांत दगडी गोल चर आणि त्यातले चाक दिसते, तीच चुन्याची घाणी. बैल नसले तरी यांत्रिक घाणी मिळते. काँक्रीटच्या मिक्सरमध्ये माल नुसता कालवला जातो, रगडला जात नाही. तयार माल थापीला असा चिकटला पाहिजे, की थापी उलटी धरली तरी घसरत नाही.

गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ यांच्याविषयी बरेच ऐकायला मिळते. त्यांचा उपयोग आहे. गुळाने माल मऊ राहतो आणि सावकाश धरतो, हिरड्याने पाणी कमी लागते. पण शंभर किलो चुन्याला दीड-दोन किलो गूळ पुरे. जास्त घातला तर माल आठवडा-आठवडा ओलाच राहतो, त्याला मुंग्या आणि बुरशी लागते. कच्चा चुना आणि जळकी सुरखी कितीही गुळाने सुधारत नाही.

दरजा खरवडताना ग्राइंडर नको, हातोडी आणि बारीक छिन्नी. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल आणि कमीत कमी एक इंच खरवडायचे. धूळ झाडून आदल्या संध्याकाळी सांधा भिजवायचा, सकाळी पुन्हा थोडा. माल दोन-तीन थरांत दाबून भरायचा आणि दगडाच्या कडेच्या किंचित आत थांबवायचा. दगडावर पसरून पांढरे पट्टे ओढणे हा निव्वळ दिखावा आहे आणि त्यात पाणी अडते. नंतर ओली गोणपाटे लटकवून किमान तीन आठवडे ओलावा धरायचा. आत पोकळी असेल तर पातळ चुना नळीतून खालून वर चढवत भरायचा, केवळ नरसाळ्याच्या उंचीच्या दाबाने, दिवसाला तीन फुटांहून जास्त नाही. पंपाने दाबून भरला तर सुटा झालेला थर तिथेच बाहेर येतो.

यावरूनच हंगामाचा मुद्दा निघतो. चुना ओलाव्यात आणि सावकाश, हवेतला वायू घेत घट्ट होतो. मराठवाड्यात त्यासाठी योग्य काळ म्हणजे दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. पण मंजुरी, निविदा आणि कार्यादेश होता होता मार्च उजाडतो आणि प्रत्यक्ष काम एप्रिल-मेमध्ये होते. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात भरलेली दरज संध्याकाळपर्यंत कोरडी पडते, आतून पिठासारखी राहते आणि जूनच्या पहिल्या सरीत खंदकात जाते. मग अहवालात लिहिले जाते, की चुना टिकत नाही, पुढच्या वेळी सिमेंट घ्यावे. चुन्याला दोष देण्याआधी तारीख पाहावी. ‘काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच’, ‘चुना काम सुरू होण्यापूर्वी जागेवर एक महिना मुरवलेला’ आणि ‘ओलावा धरण्याचा खर्च स्वतंत्र’ ही तीन कलमे निविदेतच घालावीत, ही आमची संबंधित कार्यालयांना आग्रहाची विनंती आहे. शिवाय सगळ्या कामाआधी एक मीटर लांब-रुंद असा नमुना भरून एक पावसाळा तसाच ठेवावा. एक वर्ष उशीर झाला म्हणून चार-पाचशे वर्षांच्या तटाचे काही बिघडत नाही.

खंदकातल्या गाळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांचा गाळ शेतात गेला आणि त्याचा लाभ अनेकांना झाला. तीच पद्धत किल्ल्याच्या खंदकाला लावायचा मोह होतो. पण खंदकाच्या एका काठावर हजारो टन वजनाचा तट उभा आहे. पाण्याने भिजलेला भराव तटाला बाहेर ढकलत असतो आणि खंदकातले पाणी त्याला समोरून टेकू देत असते. पंप लावून दोन दिवसांत खंदक रिकामा केला तर टेकू जातो आणि आतला दाब तसाच राहतो. म्हणून पाणी दिवसाला एका वितीहून जास्त उतरवू नये. तटाच्या पायापासून दहा फुटांत जेसीबीचा दात लागू नये, तिथला गाळ उताराने तसाच ठेवावा, कारण काही ठिकाणी पाया त्या गाळाच्या आधारानेच उभा आहे. पात्रातली बेशरम, वेडी बाभूळ आणि जलपर्णी मात्र जरूर काढावी, तीही माणसे लावून.

गाळ काढताना पुरातत्त्वाचा जाणकार हजर असलाच पाहिजे. त्यात ढासळलेले घडीव दगड, तोफगोळे, नाणी, खापरे असतात. विशेषतः घडीव दगड. तोच दगड त्याच जागी बसतो, नव्या दगडाला ते माप आणायला पाथरवटाला दिवस लागतो. सापडलेले दगड काठावर ओळीने लावून कुठल्या बुरजाखाली मिळाले ते लिहून ठेवावे. ट्रॉलीत भरून बांधावर गेलेला दगड परत येत नाही.

संरक्षित स्मारक केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालचे असो की राज्याच्या १९६० च्या कायद्याखालचे, परवानगीशिवाय तिथे एक दगडही हलवता येत नाही. श्रमदान करणाऱ्या तरुण मंडळांनी हे मनावर घ्यावे. त्यांच्या कष्टांविषयी आम्हाला आदरच आहे, म्हणूनच सांगतो: छाटणी, उकरणे, तोफांना रंग देणे आणि सिमेंट भरणे ही चार कामे सोडावीत. प्लॅस्टिक उचलणे, पन्हाळी मोकळ्या आहेत का ते पाहणे, बारीक रोपे उपटणे आणि नोंदी ठेवणे यांना हात हवे आहेत, तेवढे परवानगी घेऊन करावे.

नोंदी म्हणजे काय, तर तटाला भेग असेल तिथे दोन्ही बाजूंना खडूने एक एक खूण करून दर महिन्याला त्याच वेळी त्यांतले अंतर पट्टीने मोजायचे. पोट आलेल्या जागी वरून ओळंबा सोडून दोरी आणि दगड यांतले अंतर लिहायचे. एका ठरलेल्या दगडावर उभे राहून दर महिन्याला एक फोटो घ्यायचा. पावसाळ्यात सलग दोन दिवस झड लागली की तिसऱ्या दिवशी, ऊन पडायच्या आत, खंदकाच्या बाहेरच्या काठाने एक फेरी मारावी. तट कोरडा होत असताना जे दगड उशिरापर्यंत ओले राहतात, त्यांच्या थेट वर फांजीत पाणी शिरते आहे. त्या जागा बुरजापासून पावलांनी मोजून नकाशावर टिपाव्यात आणि पुरातत्त्व कार्यालयात त्याची प्रत देऊन पोच घ्यावी. दिवाळीनंतरचे काम कुठून सुरू करायचे ते त्या कागदावरून ठरवता येईल.

आपले,
जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही गवंडी व अभियंते,
धाराशिव